पट्टा बांधण्याआधी एक रात्र गोठ्यात: म्हशी-गायींची हालचाल आणि विसावा मोजायला शिकताना

जनावराच्या मानेला किंवा पायाला बांधायचा, त्याची हालचाल मोजून मोबाईलवर रेघ दाखवणारा पट्टा विकत घ्यायच्या आधी एक रात्र गोठ्यात काढा. वही, पेन, घड्याळ आणि निवडलेली एकच म्हैस. दर पंधरा मिनिटांनी दोनच गोष्टी लिहायच्या: उभी आहे की बसलेली, आणि तोंड चालू आहे की बंद. सकाळी त्या वहीत जे दिसतं, तेच पुढं पट्टा दिवसरात्र लिहीत राहतो. ही एक रात्र ज्यानं काढली नाही, त्याच्या मोबाईलवरची रेघ वर गेली काय आणि खाली गेली काय, त्याला त्यातून काही उमगत नाही.

आमचा गोठा करवीर तालुक्यात, पंचगंगेपासून फार लांब नाही. पाच म्हशी, दोन संकरित गायी, दूध गावातल्या संस्थेला. धारा काढते आई, हिशोब आणि पट्ट्यांचं बघते मी. आजूबाजूच्या गोठ्यांतून आता बऱ्याच जणांची विचारणा येते, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी समजून घ्या की पट्टा मोजतो काय

पट्ट्याच्या डबीत मुख्य वस्तू एकच असते, अ‍ॅक्सेलरोमीटर. पुढं-मागं, डावी-उजवीकडं आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांचे हिसके तो सेकंदाला अनेक वेळा टिपतो. मोबाईल आडवा केला की पडद्यावरचं चित्र फिरतं, ते याच सेन्सरमुळं. पायाला बांधलेली डबी उभी असली तर म्हैस उभी, डबी आडवी झाली तर म्हैस बसली, इतका हा हिशोब सरळ आहे. पावलाचा हिसका वेगळा कळतो. मानेवरच्या डबीला खाली वाकून वैरण ओढणं, रवंथ आणि नुसतं उभं राहणं यांतला फरक ओळखावा लागतो, आणि तो ती तालावरून ओळखते. रवंथ करताना जनावर साधारण सेकंदाला एकदा चावतं, एका घासाला चाळीस ते सत्तर वेळा. मग गिळतं, काही सेकंद थांबतं, आणि पुढचा घास वर येतो. इतका एकसुरी ताल जनावराच्या दुसऱ्या कुठल्याच कामाला नसतो. तुमच्या म्हशीजवळ बसून तीन घास मोजून बघा. पट्टा कसा विचार करतो ते दोन मिनिटांत कळेल.

माज (जनावर गाभण राहायची वेळ), ताप, दगडी (कासेचा आजार) यांतलं काहीच पट्टा मोजत नाही, हे मनात पक्कं करा. तो मोजतो फक्त हालचाल. हालचाल बदलली की तो इशारा देतो, आणि ती का बदलली हे तुम्ही गोठ्यात जाऊन बघायचं. माझ्या अनुभवात हे ज्यांनी ध्यानात ठेवलं त्यांना पट्ट्याचा फायदा झाला. बाकीच्यांचे पट्टे खुंटीला लटकलेले मी पाहिलेत.

या कल्पनेत नवं फारसं काही नाही. माजावरची गाय जास्त चालते हे मोजून दाखवणारं काम 1954 साली छापून आलंय, आणि 1977 मध्ये अमेरिकेत गायींच्या पायाला पावलं मोजणारी यंत्रं बांधून तेच पुन्हा तपासलं गेलं. नवं इतकंच की आता ती माहिती वाकून वाचावी लागत नाही, आपोआप मोबाईलवर येते.

मान, पाय, कान की पोट

सेन्सर चार जागी बसवता येतो. मानेचा पट्टा रवंथ, खाणं आणि एकूण हालचाल सांगतो. पायाचा पट्टा पावलं आणि बसण्याची वेळ सगळ्यांत खात्रीनं सांगतो. कानातला बिल्ला हलका असतो, काहींमध्ये तापमानही मिळतं, पण तो ओढला गेला तर कान फाटतो. सरकारी बारा अंकी पिवळा बिल्ला त्याच कानात असेल तर आणखी गर्दी होते. चौथा प्रकार म्हणजे गिळवायची गोळी. ती पोटाच्या पहिल्या कप्प्यांत जाऊन बसते, आतलं तापमान कळवते आणि जन्मभर तिथंच राहते. नव्या माणसानं तिच्या वाटेला जाऊ नये.

आता इथली गोष्ट. बाहेरच्या देशांतली बहुतेक यंत्रं मोकळ्या गोठ्यातल्या होल्स्टिन गायींवर बेतलेली आहेत. तिथं माजावरची गाय दुसऱ्या गायींवर चढते, येरझाऱ्या घालते, तिची पावलं दुप्पट-चौपट होतात. आपल्याकडं म्हैस दावणीला. चार फूट साखळीत ती येरझाऱ्या घालणार कुठं? म्हणून पावलांच्या भरवशावर राहू नका. बांधलेल्या जनावराचा अस्वस्थपणा दिसतो तो ऊठबस करण्यात, कमी बसण्यात, रवंथ तुटण्यात आणि मान फिरवण्यात. त्यामुळं दावणीच्या गोठ्यासाठी माझी पसंती मानेच्या पट्ट्याला, आणि दुसरा परवडत असेल तर मागच्या पायाला. मुक्त संचार गोठा असेल तर पायाचा पट्टा आधी.

विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: हे यंत्र म्हशीवर आणि बांधलेल्या जनावरावर चालवून बघितलंय का? उत्तर देताना तो चाचरला तर महिनाभर चाचणीला मागा. दुसरा प्रश्न: अ‍ॅपची वर्गणी दरवर्षी भरावी लागते का, आणि भरली नाही तर जुनी नोंद मिळते की जाते? तिसरा: डबीतली बॅटरी संपली तर बदलता येते, की डबीच टाकायची?

किती जनावरांना बांधायचा

सगळ्या गोठ्याला एकदम नको. दोन किंवा तीन पुरे. निवडायची ती विऊन दीड-दोन महिने झालेली, म्हणजे आता पुन्हा भरवायची, गाभण करायची आहेत ती. खर्चाचा हिशोब इथंच बसतो. गायीचा काय, म्हशीचा काय, माज साधारण 21 दिवसांनी येतो. एक माज नजरेतून सुटला की 21 दिवसांची वैरण, पेंड आणि मेहनत पुढच्या माजाची वाट बघण्यात जाते. तुमच्या गोठ्यातला एका दिवसाचा एका जनावराचा खर्च काढा, त्याला 21 नं गुणा, आणि गेल्या वर्षी किती माज हुकले ते खरं खरं आठवा. तो आकडा पट्ट्याच्या किमतीशेजारी ठेवा. दोन जनावरांच्या गोठ्यात, घरातलं माणूस दिवसभर तिथंच असेल, तर पट्टा लागणारही नाही. मी तसं तोंडावर सांगते.

बांधताना

गळ्यातली साखळी आणि पट्टा एकमेकांना लागता कामा नयेत. हे मला महागात पडलं. आमच्या चंद्रीला पट्टा बांधला आणि रोज रात्री दोनच्या सुमाराला इशारा यायला लागला. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी तपासलं, माज नव्हता. त्यांचा हेलपाटा झाला आणि म्हशीलाही नाहक त्रास. त्या रात्री मी गोठ्यातच बसून राहिले. दोन वाजता चंद्री उठली, गव्हाणीच्या कडेला मान घासायला लागली, आणि साखळीची एक कडी डबीवर टक्-टक् आपटत होती. पट्ट्यानं ती टकटक हालचाल म्हणून मोजली होती. साखळी काढून दावं लावलं, पट्टा साखळीच्या जागेपासून दोन बोटं वर सरकवला, इशारे थांबले. घंटा, घुंगूरमाळ, कवड्यांचा कंडा, जे काही गळ्यात असेल ते या एका दृष्टीनं तपासा.

पट्टा आणि मान यांच्यात हाताचा तळवा आडवा सरकला पाहिजे, त्याहून सैल नको. सैल पट्ट्यातली डबी फिरत राहते आणि तिची दिशा बदलते, मग रवंथ ओळखता येत नाही. काही पट्ट्यांना खाली लोंबणारं वजन असतं, ते डबी जागेवर राहावी म्हणूनच. जड वाटलं तरी काढू नका. पायाला बांधताना मागच्या पायाच्या खुराच्या वरच्या सांध्यावर, नडगीच्या बाजूला, एक बोट जाईल इतका. आठवड्यातून एकदा पट्टा सोडून खालची कातडी बघा. पावसाळ्यात तिथं ओल आणि शेण साचून जखम होते, आणि जखम होऊन पाय झाडणाऱ्या जनावराची नोंद वाया जाते. वाढत्या पाडीला किंवा रेडीला बांधला असेल तर दर पंधरवड्याला भोक पुढं घ्या.

म्हशी पाण्यात जातात, याचा विचार फार थोडे करतात. डबीवर आयपी67 लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपली म्हैस उन्हाळ्यात नदीत किंवा डबक्यात शिरली की तासभर नुसतं नाक वर ठेवून पडून राहते. तिच्यासाठी आयपी68 घ्या आणि किती खोल, किती वेळ ते कागदावर लिहून मागा. पाण्याखाली रेडिओ लहरी जात नाहीत, म्हणून तेवढा वेळ मोबाईलवर रेघ तुटलेली दिसेल. चांगल्या पट्ट्याला स्वतःची साठवण असते, म्हैस गोठ्यात परतली की तो मागची नोंद पाठवतो.

गोठ्यात एक छोटा डबा बसवावा लागतो, त्याला गेटवे म्हणतात. पट्ट्यांचा संदेश तो पकडतो आणि इंटरनेटवर टाकतो. तो उंचावर, पत्र्यापासून थोडा लांब लावा, कारण पत्रा लहरी अडवतो. वीज जाते तिथं त्याला छोट्या इन्व्हर्टरवर टाका. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांनी जनावरं हलवली त्यांना हे सांगायला नको, पण गेटवे सहज काढता येईल असाच बसवा. पाणी चढायला लागलं की जनावरांची दावी आधी सोडायची, यंत्राकडं नंतर बघायचं.

पहिले पंधरा दिवस इशाऱ्याला हात लावू नका

पट्ट्याला तुमचं जनावर ओळखायला वेळ लागतो. प्रत्येकीची चाल निराळी. आमची एक म्हैस मुळातच उठाठेवी आहे, दुसरी बसली की उठायचं नाव घेत नाही. पहिलीची साधी हालचाल दुसरीच्या माजाएवढी भरते. म्हणून यंत्र एकीची तुलना दुसरीशी करत नाही, तिची तिच्याशीच करतं, गेल्या काही दिवसांतल्या त्याच वेळेशी. वडगावच्या बाजारातून आणलेलं जनावर असेल तर आणखी थांबा, नव्या जागेत ते आठवडाभर बावचळलेलंच असतं.

या दिवसांत वही चालू ठेवा. कुठल्या दिवशी काय वेगळं झालं ते लिहा: लस टोचली, वैरण बदलली, धारेला दुसरं माणूस बसलं, शेजारची म्हैस विकली. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मोटरसायकलमागं पळवतात. त्या दिवशीची रेघ अशी उभी चढते की जिल्ह्यातल्या सगळ्या म्हशी एकदम माजावर आल्या असं वाटावं. वहीत पाडवा लिहिलेला असला की पुढच्या महिन्यात तुम्ही फसत नाही. बेंदराचंही, म्हणजे बैलांच्या सणाचंही तेच.

रेघ वाचायला शिका: माज

माजाची खूण एका रेघेत नसते. हालचाल वर, रवंथ खाली आणि बसणं कमी, अशी तिन्ही एकाच वेळी दिसायला हवीत. हालचाल वाढली पण रवंथ जागच्या जागी आहे, तर बहुधा माशा, कुत्रं किंवा गोठ्यातली काही गडबड.

म्हशीत मुका माज फार. ती ओरडत नाही, उडत नाही, आणि पुष्कळदा रात्री किंवा पहाटे माज दाखवते, जेव्हा आपण झोपलेले असतो. उन्हाळ्यात तर माज आणखी दबतो, पावसाळा सरत आला की उघडा व्हायला लागतो. पट्ट्याचं खरं मोल इथं आहे. गेल्या जानेवारीत चंद्रीची रेघ रात्री अकरापासून वर निघाली, रवंथ तुटत गेलं. पहाटे मी आईला उठवलं. आई म्हणाली, "दिसत तर काय न्हाई गं, वैरण खातीया." आम्ही चूळ भरून थांबलो. थोड्या वेळानं चंद्री बसली, आणि बसल्यावर मागं फरशीवर काचेसारखी स्वच्छ, चिकट तार उतरली. म्हशीचा सोट असाच, पुष्कळदा बसल्यावरच दिसतो, आणि उठताना शेपटीला पुसून जातो. आईनं शेपटीच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं, तिथं आदल्या रात्रीची वाळलेली खपली होती.

तेव्हा इशारा आला की ही तपासणी करा: शेपटीची आतली बाजू, बसायच्या जागेची फरशी, निरणाची (योनीच्या बाहेरच्या भागाची) सूज, वरचेवर थोडी थोडी लघवी, धारेला पान्हा चोरणं. यातली एक-दोन तरी खूण मिळाली तरच डॉक्टरांना फोन. वेळेचा हिशोब असा: माज सुरू झाल्यावर बीज सुटायला गायीत साधारण 24 ते 30 तास लागतात, म्हणून माज सुरू झाल्यापासून बारा तासांनी, फार तर अठरा, कृत्रिम रेतन. पट्ट्याचा उपयोग असा की माज सुरू कधी झाला ते तो तासात सांगतो. आपल्या डोळ्यांना सकाळी सात वाजता दिसलेला माज रात्री अकराचाही असू शकतो.

भरवल्यावर पट्टा काढू नका. अठराव्या दिवसापासून चोविसाव्यापर्यंत रोज बघा. रेघ पुन्हा चढली तर जनावर उलटलं, म्हणजे गाभ राहिला नाही आणि माज परत आला. चढली नाही म्हणजे गाभण आहे असं मात्र धरून चालू नका, तपासणी करून घ्याच.

विसावा

लोक माजासाठी पट्टा घेतात. मला विचाराल तर बसण्याची रेघ त्याहून मोलाची आहे, आणि तिच्याकडं कुणी बघत नाही.

धडधाकट दुभती गाय दिवसरात्रीत दहा ते चौदा तास बसते, तेही दहाएक वेळा ऊठबस करून. म्हशीचं थोडंफार तसंच. रवंथ सात ते नऊ तास, आणि त्यातलं पुष्कळ बसूनच. बसलेल्या जनावराच्या कासेला रक्त जास्त पोचतं, खुरांवरचा भार उतरतो. बसायला मिळालं नाही तर गाय खाण्याची वेळ सोडते आणि बसण्याची भरून काढते, इतकी तिला विसाव्याची गरज असते. दूध कमी झालं की आपण पेंड वाढवतो, पण ती बसते किती हे विचारत नाही.

आमच्या गोठ्यात कोपऱ्यातल्या म्हशीची बसण्याची रेघ बाकीच्यांहून कायम खाली. मी आधी तिचा स्वभाव समजत होते. मग रात्री जाऊन बघितलं. त्या जागी फरशीला खोलगट भाग होता, मूत साचत होतं, आणि ती पुढचे गुडघे टेकायला जायची, ओल लागली की परत सरळ व्हायची. दोनदा, तीनदा. शेवटी उभ्या उभ्याच डोळे मिटायची. ते बघून जीव कासावीस झाला, कारण चार वर्षं ती तिथंच बांधलेली होती. खोलगा बुजवला, उतार काढला, रबरी मॅट टाकली आणि दावं हातभर लांब केलं, कारण बसून मान मागं वळवता आली नाही तर जनावर नीट निजत नाही. आठवड्यात रेघ चढली.

म्हणून पट्टा लावल्यावर पहिलं काम हे करा. सगळ्या जनावरांची बसण्याची वेळ शेजारी शेजारी लावा. हालचालीची अशी तुलना करायची नाही हे वर सांगितलंच, पण बसण्याच्या बाबतीत जागेचा दोष शोधायला ती उपयोगी पडते. सगळ्यांत कमी बसणारीची जागा रात्री बॅटरी घेऊन बघा: ओल, चढउतार, खडबडीत दगड, आखूड दावं, डास. उन्हाळ्यात दुपारी सगळ्याच कमी बसायला लागल्या तर ते उकाड्यामुळं. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी, तिला अंगावर पाणी लागतं. दुपारी दोनदा पाणी मारून रेघ कशी हलते ते बघा, दोन दिवसांत उत्तर मिळेल.

उलट, एखादी नेहमीपेक्षा फार जास्त बसायला लागली, एकदा बसली की तासन्तास उठत नाही, तर खूर तपासा. राधानगरी, गगनबावड्याकडं पावसाळाभर गोठा ओला असतो, खूर मऊ पडतात. लंगडणं डोळ्याला दिसायच्या आधी बसण्याची रेघ बदललेली असते.

रवंथ घसरलं तर

हा इशारा कधीच पुढं ढकलू नका. रवंथ एकाएकी घसरलं आणि हालचालही मंदावली, तर जनावर आजारी आहे असं समजून गोठ्यात जा. गुदद्वारात थर्मामीटर लावा, गायीचं साधारण तापमान 101.5 अंश फॅरनहाइट. कास चारी सडांत दाबून बघा, पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढा, गाठी दिसल्या तर दगडी. डावी कूस फुगलीय का, शेण पातळ आहे का, काल कुणी आंबोण जास्त घातलं का, ते विचारा. नुकतीच व्यालेली असेल, पाय लटपटत असतील, कान गार पडले असतील, तर पट्ट्याकडं बघत बसू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा.

विण्याच्या आधीच्या काही तासांत रवंथ आपोआप घसरतं आणि ऊठबस वाढते. तारीख जवळ असेल तर तो इशारा चांगला आहे, रात्री जागं राहायला सांगतो.

रोजची शिस्त फार नाही. सकाळी धारेआधी अ‍ॅप उघडून लाल खुणा बघायच्या, संध्याकाळी परत. आमच्याकडं आई विचारते, "आज काय सांगतंय गं तुझं यंत्र?" आणि मी सांगायच्या आधी ती स्वतः कुणाला काय वाटलं ते सांगते. दोन्ही जुळलं नाही की आम्ही दोघी मिळून त्या जनावरापाशी जाऊन उभ्या राहतो.

एक काम लोक हमखास विसरतात. म्हैस विकली किंवा भाकड म्हणून पट्टा उतरवला, की अ‍ॅपमध्ये त्या पट्ट्यावरचं तिचं नाव काढा आणि नव्या जनावराचं नव्यानं टाका. नाहीतर यंत्र नव्या म्हशीला जुनीच्या मापानं मोजत राहतं. आणि नाव बदललं की परत पंधरा दिवस, वही काढायची.